फायनलाइझचं बटण

डीव्हीडी रेकॉर्डर उघडून मी त्याची लेन्स पुसत होतो. बारा वर्षांचं मशीन, पण अजून ठणठणीत. कुमुदकाकूंचा मुलगा मात्र शेजारी उभा राहून कुरकुरत होता. "पोरांची बारशी, वाढदिवस, सगळं आईने कॅमेऱ्यातून यातच उतरवून घेतलंय. डिस्क आमच्या घरी लावली की चालत नाही. बघायला दर रविवारी सगळ्यांना घेऊन इथे यावं लागतं."

त्याचा फोन वाजला, तसा तो गॅलरीत गेला.

"काकू, सोपं आहे," मी म्हणालो. "रेकॉर्डिंग झालं की 'फायनलाइझ'चं बटण दाबायचं. मग डिस्क कुठेही चालते. नाही दाबलं, तर फक्त याच मशीनवर."

"पान तेवीस," काकू म्हणाल्या. "माहितीपुस्तिका पहिल्याच आठवड्यात वाचली मी. तू आपली लेन्स पूस." आणि बेसनाचा लाडू पुढे केला.

मुलगा परत आला. "कळलं काही?"

मी घास गिळला. "मशीन उत्तम आहे. तुमचाच प्लेअर खराब दिसतोय."

"तीन बदलले. तिन्ही खराब?"

"हल्लीच्या वस्तू टिकतात कुठे," म्हणत काकूंनी माझ्या ताटलीत दुसरा लाडू ठेवला. "रविवारी या सगळे. धाकटीचं बारसं लावते."