खाणीच्या गाडीची शेवटची सवारी

"उद्यापासून गाडी बंद. माही बदली झाली गोंदियाले. तुमी आता बाजाराले कशा जाल, बाई?" शिंगाड्यांची रिकामी टोपली डब्यातून उतरवून देत गार्ड भोजराजनं विचारलं.

"पाहू," शकुनबाई म्हणाली. टोपली डोक्यावर घेतली आणि धानाच्या बांध्यांतून चालू लागली. खाणीची गाडी शेवटची शिट्टी देऊन पुढे निघाली.

एके काळी या छोट्या लाइनचा काय थाट होता! खाण ते मोहाडी, मँगनीजच्या वाघिणी आणि मागे माणसांचे दोन डबे. बाजाराच्या दिवशी त्यात कोंबड्या, सायकली, लग्नाची वऱ्हाडं, सगळं कोंबलेलं. मग मँगनीज ट्रकनं जाऊ लागलं आणि माणसं एस.टी.नं. दोनाचा एक डबा झाला. शेवटी शेवटी तर त्या डब्यात शकुनबाई एकटीच असायची. तिला यायला उशीर झाला, की भोजराजची हिरवी झेंडीही उशिरानंच हलायची.

भोजराजची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ट्रंक भरली की निघायला मोकळा. पण शकुनबाईची काळजी काही डोक्यातून जाईना. विधवा बाई, हातावरचं पोट, गाव आडवाटेला. अखेर त्यानं सायकल काढली. तिच्या गावात कोणाची बैलगाडी बाजाराला जात असेल, तर तिची सोय लावून द्यावी, एवढाच विचार.

गावाच्या तोंडाशी त्यानं एका म्हाताऱ्याला शकुनबाईचं घर विचारलं.

"एस.टी. थांबते ना, तिच्या समोरचंच!"

म्हातारा दुसऱ्याच कोणाचं घर सांगतोय, असं भोजराजला वाटलं. पण ओसरीवर तीच बसली होती, खाटेवर शिंगाडे पसरून. आणि दारासमोर मोहाडीची बस उभी होती.

"हे कधीपासून येते?"

"झाले की चार-पाच वर्सं."

"बस दारावरून जाते. मंग एवढी पायपीट करून गाडीनं काहून येत होत्या?"

शकुनबाईनं मान वर केली नाही.

"बसमधी तुमी कुठी होते जी?"

बस धूळ उडवत निघून गेली. भोजराज सायकल धरून तसाच उभा राहिला. त्याचे कान तापले.

"बसा ना," तिनं शिंगाडे बाजूला सारले. "अन् सांगा, गोंदियाले राहाले रेल्वेचं क्वार्टर एकट्याले देतेत का दोघांले?"