तिसरं वळण

तिसऱ्या वळणावर दातवाल्या काकूंनी हात टेकले. सायकलवरून उतरून, ती ढकलत आणि धापा टाकत त्यांनी उरलेला चढ पार केला. कवळ्यांच्या कारखान्यात पोहोचल्या तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं झाली होती.

"हा दुसरा उशीर," मालकीणबाई म्हणाल्या. "तिसऱ्याला घरी बसायचं. नियम सगळ्यांना सारखा."

बावीस वर्षं काकू इथे कवळ्या घासून गुळगुळीत करत होत्या. टेकडीवर येणारी बस बंद झाली, म्हणून चोपन्नाव्या वर्षी त्यांनी सायकल घेतली. गल्ली हसली. हसो बापडी.

संध्याकाळी काकांनी पेपर बाजूला ठेवला आणि काकूंचे पाय चेपायला घेतले.

"अगं, कशाला जिवाला त्रास? मी निवृत्त झालो, तूही घरी बस. दोघं मजेत राहू."

"तुम्ही राहा मजेत. मला माझं काम आहे."

"बरं बाई. निदान सायकल तरी मला बघू दे."

दर रविवारी काका अंगणात पोतं अंथरून सायकल उलटी करत. साखळीला तेल, चाकात हवा, मग पाना घेऊन इकडचं तिकडचं आवळणं. शेजारणी म्हणत, नवरा असावा तर असा.

तरी सोमवारी काकूंचे पाय हटकून भरून येत. रविवारच्या आरामाने अंग आळसावतं, काका समजावत. परतताना उतारावरही पायडल मारावं लागे. समोरचा वारा, काका म्हणत.

काकू अर्धा तास आधी निघू लागल्या. तरी कधीकधी आठला मिनिटभर उरलं असताना आत शिरत आणि मालकीणबाई घड्याळाकडे बघत.

अशाच एका सोमवारी तिसऱ्या वळणावर त्यांनी सायकल स्टँडवर लावली. घाम पुसला, चाकावरची धूळही पुसली आणि बराच वेळ सायकलकडे बघत उभ्या राहिल्या. मग दात-ओठ खाऊन पुन्हा सीटवर बसल्या.

त्या दिवसापासून काकू पेटल्याच. जिना चढायच्या तो दोन-दोन पायऱ्या गाळून. कणीक मळायच्या ती एका पायावर उभं राहून. खुर्चीतून चाळीसदा उठ-बस, तीही पाण्याची कळशी कवटाळून. काका कपाळाला हात लावत. पण त्यांची सेवाही वाढली. आता ते रविवारी सायकलपाशी तासभर बसत.

महिन्याभरात तिसरं वळण मागे पडलं. मग चौथं. मग पाण्याची टाकी. आणि एका सोमवारी काकू जमिनीला पाय न लावता थेट फाटकात शिरल्या. आठला दहा कमी होते. मालकीणबाईंनी स्वतःहून चहा पुढे केला.

"सगळा चढ चढले, न उतरता," संध्याकाळी काकूंनी सांगितलं. "आता नोकरी कुठे जात नाही."

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. "न उतरता? कसं शक्य आहे?" मग सावरून म्हणाले, "म्हणजे, कमाल केलीस हो! रविवारी सायकल मस्त करून देतो."

"द्या की," काकू पाय पसरून म्हणाल्या. "आणि मागचा ब्रेक चाकाला घासावा म्हणून दर रविवारी अर्धा आटा आवळता ना, तो या खेपेला चांगला दोन आटे आवळा. एवढ्याने आता माझ्या पायांना व्यायामच होत नाही."