चारही स्पीकर शाबूत

“हा चालू करून बघूच नका, काका. थेट काढा. बासचा आवाज फाटतो याचा,” मालनचा दीर यशराज म्हणाला.

मोरोपंतांनी डॅशबोर्डाकडे वाकून पाहिलं. देवासच्या त्या दुकानात गाड्यांना टेप नि गाण्यांचे सेट बसवता बसवता त्यांचे केस पिकले होते. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. हा सेट तर त्यांनीच बसवला होता, चार महिन्यांपूर्वी, एका दुपारी.

“पीयूषभियानं फार हौसेनं घेतला होता, ताई,” ते मालनला म्हणाले. नंतर त्यांना पुढचं आठवलं असावं. ते हत्यारांची पेटी उघडू लागले.

पुढचं असं होतं, की त्याच संध्याकाळी बदनावरहून धारला येणाऱ्या रस्त्यावर ही गाडी झाडाला धडकली आणि मालनचा नवरा पीयूष जागीच गेला. तो त्या रस्त्याला कशाला गेला, कोणालाच कळलं नाही. गाडीत दारूची बाटली सापडली, तेव्हा मात्र सगळ्यांना सगळं कळलं. निदान तसं ते बोलू लागले.

दोन वर्षांपूर्वी पीयूषनं लेकीच्या, चिऊच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. त्यामुळे मालनला नीट रडताही आलं नाही. रडण्याआधी संताप यायचा. एकदा आठ वर्षांच्या चिऊनं विचारलं, “आई, बाबांनी माझी शपथ मोडली?” त्या दिवशी तिनं पीयूषचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात पालथा घालून ठेवला. अजून तो तसाच होता.

दिरानं मात्र तिच्यासाठी जिवाचं रान केलं. पोलीस ठाणं, विमा, गॅरेज, सगळीकडे यशराजच धावला. “मी नेमका त्या दिवशी मनावर गावाला होतो हो, वहिनी. नाहीतर त्याला एकटा जाऊ दिला नसता,” असं म्हणताना दर वेळी त्याचे डोळे भरून यायचे.

काल गाडी दुरुस्त होऊन आली, तर सासूबाई भवानीबाई फाटकातच आडव्या आल्या. मरणाच्या दिवशी विकत घेतलेली वस्तू दारात येऊ द्यायची नाही, आधी तो सेट काढा, म्हणाल्या. मालननं हा नियम माहेरी कधी ऐकला नव्हता. पण धारच्या जुन्या मराठी घरांत असे पन्नास नियम असतात, आणि मुलगा गमावलेल्या बाईशी कोण वाद घालणार? चिऊनं आपली अट घातली: गाडीत गाणी नसतील तर मी बसणार नाही. म्हणून आज ही खरेदी. यशराज म्हणत होता, धारलाच उरकू. पण पीयूषच्या सेटचं बिल या दुकानाचं होतं, आणि मालननं इथलाच हट्ट धरला.

“बजेट किती?” मोरोपंतांनी विचारलं.

“पंधरा हजार. वर एक रुपया नाही.”

“मग हा मोठा स्क्रीन बघू नका. दोन जीबीचा आहे, वर्षभरात अडकायला लागतो. चार जीबीचा घ्या, नाहीतर स्क्रीनचा नाद सोडून हा कंपनीचा साधा सेट घ्या. दिसायला काही नाही, पण आवाज एकदम मस्त.”

“साधाच द्या,” यशराज घाईनं म्हणाला. “मालकाशी भाव मी करतो.” नि तो काउंटरकडे गेला.

मोरोपंतांनी पेचकस उचलला नि परत ठेवला. “ताई, एक सांगू? आधी स्पीकर बघू. धक्क्यात फाटले असतील, तर पंधरातून चार-पाच हजार त्यांनाच ठेवावे लागतील. शाबूत असतील, तर सगळे सेटला लावा.”

“पण तो तर बंद पडलाय.”

“फ्यूज उडाला असेल. दुसरं काय असणार?”

मालन चालकाच्या जागेवर बसली. अपघातानंतर पहिल्यांदाच. तिनं स्टिअरिंगवर हात ठेवले. पीयूषचे हात शेवटी इथेच होते, हा विचार तिनं मागे ढकलला. तो मागे जाईना. कशाला प्यालास रे, कशाला, असं ती मनातल्या मनात त्याला विचारत राहिली.

मोरोपंतांनी जळका फ्यूज बदलला. “फिरवा चावी.”

सेट निळा उजळला. बारीकसा टिंग असा आवाज झाला.

“तुमचा फोन जोडला गेला वाटतं,” मोरोपंत म्हणाले.

“माझा? माझा फोन या सेटला कधी लावलाच नाही.”

इतक्यात गाडीच्या चारही दारांतून घंटी वाजली. पडद्यावर अक्षरं उमटली: आईसाहेब. समोरच्या काचेतून मालनला दुकानाचं काउंटर दिसत होतं. दहा पावलांवर यशराजनं भाव करता करता खिशातून फोन काढला, बोट फिरवलं नि कानाला लावला. “हॅलो? हॅलो, आईसाहेब? आवाज येत नाहीये तुमचा.”

आवाज गाडीत येत होता. स्वच्छ येत होता, कुठे फाटत नव्हता.

“यशराज, काढलंस का रे ते? तुझा फोन अजून जोडलेला आहे ना त्यात? प्यालास तू, चालवलीस तू. हे मालनला कळलं, तर माझी दोन्ही पोरं गेली रे.”