मेणाचा क्रूस

“मावशी, हेच माझ्या आजोबांचं नाव, बाबांच्या वडिलांचं. पोल तुआल, वय सव्वीस, राहणार वेसाँ बेट, फ्रान्स.” चिलीहून आलेल्या रामिरोने जहाजाच्या खलाशी-यादीची नक्कल बेटावरच्या चर्चच्या टेबलावर पसरली. नावापुढे शेरा होता : नोव्हेंबर १९०२, चिलीच्या वाल्पाराइसो बंदरात जहाज सोडून पळाला.

सोआझने चष्मा पुसला. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. वीस वर्षं ती चर्चची दप्तरं सांभाळत होती आणि हे नाव कुठल्या पानावर आहे ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. तो तिचा बाप होता. ती जन्मली तेव्हा तो समुद्रावर होता. म्हणजे समोर बसलेल्या या पोराची ती कसली मावशी, चांगली आत्या होती.

“आजोबा मरेपर्यंत रोज बंदरावर जाऊन बसायचे,” रामिरो म्हणाला. “घर कुठलं विचारलं की तोंडाला कुलूप. मला फक्त ते दार बघायचंय, मावशी.”

“गायचे का रे?”

“गायचे की. अगदी बेसूर.”

सोआझला हसू आलं. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात बापाचा आवाज तिला हवा होता, तो हा असा मिळाला. पोराला हाताला धरून घरी न्यावं असं तिला फार वाटलं.

पण घरात आई होती. या बेटावर बुडालेल्याचं प्रेत हाती लागलं नाही, तर मेणाचा क्रूस करून रात्रभर त्याच्यापाशीच जागतात आणि सकाळी त्याचाच अंत्यविधी करतात. आईने नवऱ्याचा तसा केला आणि त्रेपन्न वर्षं अंगावरचे काळे कपडे उतरवले नाहीत. आता या वयात तिला काय सांगायचं, की तो तिकडे नातवंडं खेळवत होता?

सोआझने मृतांची वही काढली. इतर बुडालेल्यांपुढे जहाजाचं नाव, वादळाची तारीख असे. बापापुढे नुसतंच ‘समुद्रात गेला. अंत्यविधी, मार्च १९०३’. तेव्हाचे पाद्री आळशीच, असं तिला नेहमी वाटे.

रामिरोने वाचलं. मेणाची रीत त्याला ठाऊक नव्हती.

“म्हणजे हा इथेच पुरलाय?”

“इथेच.”

“आजोबा तर अडतीस साली गेले.”

“मग त्यांनी याचं नाव लावलं असेल. पळालेले खलाशी लावतात.”

त्याने कागदाची घडी घातली. दुपारच्या बोटीने तो गेला. बोट दिसेनाशी होईपर्यंत सोआझ धक्क्यावर उभी होती.

घरी आई बटाटे सोलत बसली होती.

“वाल्पाराइसोचा पोरगा आलाय म्हणे. शेजारीण सांगून गेली.”

“हो. आजोबाला शोधत होता.”

“सापडला?”

“नाही.”

आईने सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

“बरं केलंस. तुझ्या बापानं पत्रात तिकडच्या बाईचं नावसुद्धा लिहिलं होतं,” ती म्हणाली. “पत्र आलं त्याच दिवशी मी मेण आणलं.”