अकरा गोल

हँडबॉल सामन्याचं मध्यंतर संपत आलं होतं. महिन्यापूर्वीच क्लबात आलेला वुकाशिन खांदा धरून बाकावर बसला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं आणि प्रशिक्षक रादोवानकडे पाहिलं. आज हरल्यास क्लब खालच्या श्रेणीत जाणार होता आणि रादोवान घरी.

"दुखणं कळणार नाही, पण फाटलेला स्नायू आणखी फाटेल," डॉक्टर रादोवानच्या कानाशी पुटपुटले. "ठरवा तुम्ही."

"कोच, तुम्ही कधी घेतलंत असं इंजेक्शन?" वुकाशिननं विचारलं.

"घेतलं की. फायनलला."

"मग?"

"मग काय! अकरा गोल मारले गड्या, बेलग्रेडभर मिरवलं लोकांनी."

त्या फायनलनंतर त्याचा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नव्हता. रादोवाननं डॉक्टरांकडे बघून मान डोलावली.

बधिर झालेला खांदा फिरवत वुकाशिननं टाळीसाठी हात उंचावला. रादोवाननं डावा वर केला.

"तुम्ही डावखुरे वाटतं, कोच?"

"हो," रादोवान म्हणाला.