भिंतीवरची तारीख

ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. नव्या इस्पितळाच्या बांधकामावर मुख्य कचेरीने जानेवारीत दुसरी मॅनेजर म्हणून एक बाई पाठवली, आणि प्रोजेक्ट मॅनेजरसाहेबांना अन्न गोड लागेना.

साहेबांना सगळे पाठीमागे 'भिंतसाहेब' म्हणत. त्यांच्या खोलीची अख्खी भिंत एका तक्त्याने भरली होती. प्रत्येक कामाला एक टाचणी. वेळेवर असेल तर हिरवी, मागे पडलं तर लाल. लाल लागली की साहेब त्या माणसाला चारचौघांत सोलून काढत. त्यामुळे लाल टाचण्यांची डबी वीस वर्षांत निम्मीही संपली नव्हती. शेवटची हिरवी टाचणी पंधरा मार्चवर होती. त्या दिवशी जुन्या इमारतीतले रुग्ण इकडे हलवायचे होते.

बाईंकडे तक्ताच नव्हता. त्या वायरमनशेजारी विटांवर बसून चहा पीत. प्लंबरच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत. आणि दर शनिवारी झाकणाला फट पाडलेला बुटांचा एक खोका फिरवत. माणसं हात आडवा धरून चिठ्ठी लिहीत आणि फटीतून आत सरकवत. साहेब दिसले की सगळे गप्प.

"ही कसली मॅनेजर! नुसती गप्पा मारते," साहेब घरी धुमसले. "माझ्याविरुद्ध तक्रारी गोळा करतेय. खुर्ची घालवणार माझी."

"गेली तर जाऊ दे," बायको म्हणाली. "अहो, पण धाकटीकडे जायची विमानाची तिकिटं? काम संपल्यानंतरचीच काढलीत ना?"

"त्याच बेताने काढलीत." साहेबांनी खिशावर थाप मारली.

फेब्रुवारीत एका दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा साहेबांनी खोका आपल्या खोलीत नेऊन उघडला. एकही तक्रार नव्हती. त्यांचं नावसुद्धा कुठे नव्हतं. नुसत्या तारखा. 'वीस मे.' 'मेचा शेवट.' 'लिफ्ट मेच्या आधी विसरा.' चाळीस चिठ्ठ्या, आणि मार्च एकीवरही नाही.

"मी एवढंच विचारलं होतं, काम खरंच कधी संपेल?" बाई दारात उभ्या होत्या.

साहेबांचा हात खोक्यातच राहिला. "मला तर रोज 'वेळेवर आहे' म्हणून सांगतात. लबाड लेकाचे!"

"लाल टाचणी कुणाला हवी असते, साहेब?" बाई समोर येऊन बसल्या. "यात एक चिठ्ठी कमी आहे. तुमची."

"लिहितो की! पंधरा मार्च." साहेबांनी तावातावाने खिशातून पेन ओढलं. पेनाबरोबर तिकिटं बाहेर आली आणि टेबलावर पडली. बाईंनी ती उचलली, पाहिली, आणि परत दिली.

साहेबांनी कोरी चिठ्ठी बाजूला सारली आणि पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "रुग्ण मार्चमध्ये हलवू नका," ते म्हणाले. "लिफ्ट नसेल."

बाई पुढे मुख्य कचेरीत बऱ्याच वर चढल्या. वायरमनने स्वतःचं दुकान काढलं. प्लंबरच्या आईच्या गुडघ्यांवर त्याच इस्पितळात उपचार झाले. साहेबांची खुर्ची गेली नाही. निवृत्त होईपर्यंत ते प्रत्येक बांधकामावर बुटांचा खोका घेऊन गेले, आणि पहिली चिठ्ठी स्वतः टाकत राहिले.

इस्पितळाचं काम एकोणतीस मेला संपलं. साहेबांना तिकिटं बदलावी लागली नाहीत. ती तीस मेचीच होती.