नदी गोठण्याआधी

"आई, डोळे मिटू नकोस. बोलत राहा माझ्याशी," एडना म्हणाली आणि तिने गाडी आणखी दामटली.

मागच्या सीटवर ब्लँकेटांच्या ढिगात बर्था आडवी पडली होती. एक हात छातीवर घट्ट दाबलेला.

"काय बोलू? अशीच हाकलीस तर दवाखान्याआधी वर पोचू आपण दोघी."

कॅनडाच्या उत्तर टोकाचं इनुविक सोडल्यापासून दोनच गाड्या समोरून गेल्या होत्या. खडीचा रस्ता, त्यावर ताजा बर्फ, दोन्ही बाजूंना खुरटी झाडं, आणि मैलोन् मैल दुसरं काही नाही. मॅकेन्झी नदी त्यांनी मघाशीच बोटीने ओलांडली होती. आता पील नदी तेवढी राहिली होती.

पहाटे बर्थाच्या छातीत कळ आली तेव्हा एडनाच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात बर्थाची भाचीच नर्स होती. तिने तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, हृदयाचा डॉक्टर नद्यांपलीकडे व्हाइटहॉर्सला, विमानं धुक्यामुळे बंद, तेव्हा रस्त्याने न्या आणि आजच न्या. पीलवरची फेरीबोट आज संध्याकाळी बंद होणार होती. एकदा ती बंद झाली की नदी गाड्या पेलण्याइतकी गोठेपर्यंत अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. दर वर्षी हे असंच चालतं, त्याची तक्रार कोणी करत नाही.

एडनाचा नवरा क्लिफर्ड कामावर निघाला होता. "दुपारी पाळी संपली की मागून येतो," तो म्हणाला. "नदीवर थांबा. माझ्याशिवाय ओलांडायची नाही." हे त्याने दोनदा सांगितलं, एडनाचे खांदे धरून. नदीपलीकडे घाटात बर्फाची वादळं होतात. एकटी बाई आणि आजारी म्हातारी म्हटल्यावर कोणीही हेच सांगितलं असतं.

एडना एका हाताने गाडी चालवत होती. डाव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती.

"दुखतोय का गं हात?"

"नाही. पायरीवरून घसरले, सांगितलं ना तुला."

"तुमच्या पायऱ्या भारीच घसरड्या," बर्था पुटपुटली आणि तिने कूस बदलली.

फोर्ट मॅकफर्सनला एडनाने पेट्रोल भरलं. "दुकानातून क्लिफर्डला फोन करून येते," ती म्हणाली. "कुठवर आलाय ते विचारते." तिचा स्वतःचा फोन क्लिफर्डकडे होता. त्याचा बिघडला होता.

"कर बाई. जावईबापूंना काळजी लागली असेल."

एडना दुकानाच्या दारापर्यंत पोचली असेल नसेल, तोच गाडीतून मोठ्याने कण्हणं ऐकू आलं. ती धावत परत आली. बर्था पोटाशी गुडघे घेऊन तळमळत होती.

"श्वास... श्वास घेता येत नाही गं."

फोन राहिलाच. एडनाने गाडी पिटाळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "तुला काही झालं ना, तर मी काय करू? माझं दुसरं कोण आहे गं?"

मागे बर्थाने ब्लँकेट तोंडावर ओढून घेतलं.

नदीवर पोचल्या तेव्हा उजेड उतरला होता. पाण्यावरून बर्फाचे मोठमोठे तुकडे एकमेकांवर घासत चालले होते. बोटवाला एनॉक काठावर वाट बघत उभा होता.

"ही शेवटची. यानंतर बोट ओढून वर घेणार. चढव गाडी."

"माझा नवरा येतोय मागून. थोडं थांबाल?"

"माझं काय, मी थांबेन. या बर्फाला विचार थांबतो का." मग त्याने खिडकीतून मागे डोकावून पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. "बरं. पाच-दहा मिनिटं. बर्थासाठी."

एडना काठावर उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने टेकडीच्या माथ्यावर दिवे दिसले. एक प्रखर, एक मंद, क्लिफर्डच्या ट्रकचे.

"तो आला," ती म्हणाली.

त्याच क्षणी गाडीतून किंकाळी आली. "एनॉक, मी चालले रे! ने मला!"

एनॉक दचकला. "चढव गाडी, पोरी."

"पण त्याने सांगितलंय, त्याच्याशिवाय..."

"मग काय इथेच पुरतेस आईला? चढव!"

एडना गाडीत बसली. तिने एकदा दिव्यांकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटकडे. मग दात आवळून गाडी बोटीवर घातली.

बोट मध्यावर असताना ट्रक काठाला लागला. क्लिफर्ड उतरून पार पाण्यापर्यंत धावला. तो हात उंचावून ओरडत होता, पण बर्फाच्या करकरीत शब्द कळत नव्हते.

"आता काय म्हणेल तो," एडना म्हणत राहिली. "काय म्हणेल तो मला."

पलीकडे गाडी चढण चढून वळणापर्यंत आली आणि तिथे एडनाच्याने पुढे चालवेना. तिने गाडी थांबवून डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. आई वाचायला हवी होती आणि अजून अख्खी वाट बाकी होती.

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. बर्फातून पावलं वाजली. मग तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि समोर बर्था उभी होती, ताठ.

"सरक तिकडे. आता मी चालवते."

"आई, तू... तुझी छाती... दवाखान्यात..."

"माझ्या छातीला काही धाड भरलेली नाही. भाचीला मीच तसं सांगायला लावलं," बर्था म्हणाली. "नदी गोठेपर्यंत तो इकडे येऊ शकत नाही. तोवर तुला इतक्या लांब नेते, की त्याचा हात पुन्हा तुझ्यापर्यंत पोचायचा नाही."